रात्री लाल, सकाळी हिरव्या: एकाच फोल्डरात कोंबलेल्या टेस्टचं दुखणं

लक्षण असं. दिवसा टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवल्या की सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. रात्री दोन वाजता सर्व्हरवर आपोआप चालतात तेव्हा पाच-सहा लाल, म्हणजे फेल. सकाळी कुणीतरी त्याच पुन्हा चालवतं, त्या हिरव्या होतात, आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. चार दिवसांनी पुन्हा तेच. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं होत असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही पाच जण लातुरात बसून आडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो. काट्यावरून वजन घ्यायचं, सौद्यातला दर लावायचा, हमाली-तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) द्यायची. कोड पायथन भाषेत, डेटाबेस पोस्टग्रेस आणि टेस्ट चालवायला पायटेस्ट. सहाशेच्या वर टेस्ट होत्या आणि सगळ्या एकाच फोल्डरात. पूर्ण चालायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागायचा. त्यामुळे पुश करण्याआधी, म्हणजे कोड सर्व्हरवर पाठवण्याआधी, कुणीच त्या चालवत नव्हतं, रात्रीच्या फेरीवर सगळी भिस्त. आणि रात्रीची फेरी लाल आली की आमच्यातला सगळ्यात धाकटा सकाळी सांगायचा, "ताई, पुन्हा त्याच टेस्ट लाल व्हायल्यात." मी म्हणायचे, पुन्हा चालव.

आधी आम्ही जे उपाय केले ते सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. फेल झालेली टेस्ट आपोआप तीनदा चालवणारं प्लगइन, म्हणजे पायटेस्टला जोडायचा पुरवणी प्रोग्राम, बसवलं. टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, वाढवले. दोन ठिकाणी पाच-पाच सेकंद थांबायला लावलं. यातला एकही उपाय कारणाला हात लावत नाही. उलट, तीनदा चालवायच्या प्लगइनने खरी चूक आणखी झाकली गेली. ते प्लगइन सुरुवातीलाच काढून टाका. ते असताना निदान होत नाही.

निदानाला आम्ही बसलो ते एका फोनमुळे. सोयाबीनचा हंगाम, दिवाळीच्या आधीचे दिवस. आवक इतकी की दुकानदार मध्यरात्रीनंतरही पावत्या भरत बसतात. एका दुकानाच्या मुनीमकाकांचा फोन आला: "आत्ताच केलेली पावती आजच्या यादीत दिसंना. गेली कुठं?" पावती जागेवरच होती. यादी कालची दिसत होती. आमचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या दृष्टीने कालचीच तारीख असते. पावती बनवणारा कोड भारतीय वेळ घेत होता आणि 'आजची आवक' काढणारा कोड सर्व्हरची. दिवसभर दोन्ही तारखा जुळायच्या, रात्री जुळत नव्हत्या. आमच्या लॅपटॉपवर घड्याळ भारतीय, तिथे ही चूक कधीच दिसली नसती. रात्री लाल होणाऱ्या टेस्टपैकी दोन टेस्ट तीन आठवडे हेच सांगत होत्या.

त्या दिवशी ठरवलं की 'कधीकधी फेल होते' हे वाक्य आपल्या ऑफिसात चालणार नाही. कधीकधी म्हणजे नेमकं कधी, ते शोधायचं.

संशयित टेस्ट हाती घ्या आणि आधी ती एकटीच चालवा. एकटी फेल आणि घोळक्यात पास होत असेल, तर ती दुसऱ्या टेस्टने डेटाबेसमध्ये मागे ठेवलेल्या गोष्टीवर उभी आहे. आमच्याकडे एक टेस्ट खातेदार तयार करायची आणि पुढच्या अकरा टेस्ट त्याच खातेदारावर पावत्या फाडायच्या. पायटेस्ट टेस्ट फाइलमधल्या क्रमानेच चालवतं, म्हणून वर्षभर निभावलं. क्रम मुद्दाम विसकटणारं पायटेस्ट-रँडमली हे प्लगइन लावलं की असल्या टेस्ट एका दुपारात उघड्या पडतात. ते क्रमाचं बीज, म्हणजे तो क्रम ज्यावरून ठरला तो आकडा, छापून दाखवतं, तेवढं टिपून ठेवा, तोच क्रम पुन्हा लावता येतो.

मग नेट बंद करून चालवा. लातुरात त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, वळवाचा पाऊस आला की लाइट आणि नेट दोन्ही जातात. पण मुद्दाम वायफाय बंद करून बघाच. 'पट्टीवरची बेरीज बरोबर येते का' एवढंच तपासणारी टेस्ट आमच्याकडे नेटशिवाय पडली, कारण वाटेत ती एसएमएस पाठवणाऱ्या सेवेशी बोलत होती. त्यानंतर टाइमझोनची एन्व्हायर्नमेंट सेटिंग यूटीसी करून चालवा. आणि शेवटी संगणकाची तारीख पुढच्या वर्षीची करून चालवा. आमच्या चार टेस्ट या शेवटच्या पायरीला पडल्या. पट्टीवरचा दर हमीभावाच्या खाली असेल तर सॉफ्टवेअर इशारा देतं. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ५,३२८ झाला. टेस्टमध्ये आकडा जुना लिहिलेला आणि कोड मात्र आजच्या तारखेवरून हंगाम ठरवणारा. आमच्या कोष्टकात नवा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. म्हणजे दर १ ऑक्टोबरला, ऐन गर्दीच्या तोंडावर, या चार टेस्ट लाल होणार हे लिहितानाच ठरलेलं होतं.

हे सगळं कागदावर मांडल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. प्रत्येक पडणारी टेस्ट अशा कशावर तरी टेकून उभी होती, जे तिच्या नावात किंवा जागेत कुठेच दिसत नव्हतं. कुणी डेटाबेसवर, कुणी नेटवर, कुणी घड्याळावर, कुणी शेजारच्या टेस्टवर. आम्ही टेस्ट विषयानुसार लावल्या होत्या: पावतीच्या फाइलमध्ये पावतीच्या सगळ्या, खात्याच्या फाइलमध्ये खात्याच्या सगळ्या. वाचायला बरं वाटतं. पण टेस्ट लाल झाल्यावर पहिला प्रश्न असतो तो 'चूक कोडमध्ये की आजूबाजूच्या व्यवस्थेत', आणि त्याचं उत्तर या मांडणीत मिळत नाही.

म्हणून वाटणी बदलली. टेस्टला चालायला काय लागतं, त्यावरून तिचं फोल्डर. गूगलच्या लोकांनी २०१० मध्ये मांडलेली लहान, मध्यम आणि मोठी ही विभागणी याच धर्तीची आहे: लहान टेस्टला नेटवर्क, डेटाबेस, डिस्क काहीच नाही आणि ६० सेकंदांची मर्यादा, मध्यमला त्याच मशीनपुरतं नेटवर्क आणि ३०० सेकंद, मोठीला सगळं मोकळं. युनिट (एकाच तुकड्याची टेस्ट) आणि इंटिग्रेशन (अनेक तुकड्यांची एकत्र टेस्ट) या शब्दांवर आमच्यात आधी फार वाद व्हायचे, 'दोन क्लास एकत्र आले तर ती युनिट का इंटिग्रेशन' असे. काय लागतं हा प्रश्न विचारला की वाद उरत नाही.

आमच्या बोलण्यात त्यांना नावं पडली ती आपल्या शेतीवरून. काहीही न मागता, मिळेल त्या मशीनवर उभी राहते ती कोरडवाहू. जिला पोस्टग्रेस चालू लागतं ती बागायती. काट्यापासून पट्टीपर्यंत ब्राउझरमधून सगळी वाट चालणारी ती पूर्ण फेरी. आणि प्रत्यक्ष वजनकाट्याला केबल लावून चालवायची ती काट्यावरची. चार फोल्डर. कोडमध्ये नावं रोमन लिपीत आहेत, पण बोलताना "ही बागायतीत का ठेवलीस, हिला पाणी कुठं लागतंय?" असंच बोलतो.

कोरडवाहूत किती गोष्टी मावतात ते पाहून मलाच नवल वाटलं. एक उदाहरण देते. १२.४५ क्विंटल माल, दर ४,६५० रुपये. गुणाकार ५७,८९२.५० येतो. पायथनचं साधं राउंड वापरलं तर ५७,८९२ मिळतात, कारण अर्ध्यावर आलेला आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. मुनीमकाका ५७,८९३ लिहितात, आणि त्यांचंच बरोबर धरायचं. डेसिमल प्रकार वापरून 'अर्धा वर' हा नियम स्पष्ट सांगितला की प्रश्न मिटतो. ही टेस्ट आधी डेटाबेसमध्ये शेतकरी, गाव, दुकान, माल आणि पावती अशा पाच नोंदी करून मग बेरीज तपासायची. तिला लागत होते फक्त दोन आकडे.

घड्याळाचंही तसंच. 'आता किती वाजले' हे कोडने स्वतः विचारायचं नाही, बाहेरून द्यायचं. मग रात्री साडेबाराची टेस्ट भर दुपारी चालते आणि हमीभावाच्या टेस्टला आपण हवी ती तारीख देतो.

तिसरं उदाहरण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने तपासून बघावं. 'गोऱ्हे' हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळी नावं. एकाच शेतकऱ्याची दोन खाती तयार व्हायची. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (अक्षरांची रूपं एकसारखी करण्याची पद्धत) ही दोन रूपं एक करत नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. तो नियम आणि त्याच्या वीसेक टेस्ट, सगळं कोरडवाहू.

आता फोल्डर वेगळे करताना जे अडथळे येतात ते. खरा वेळ इथेच गेला.

पहिल्याच दिवशी कोरडवाहू फोल्डर वेगळं चालवलं आणि ते पोस्टग्रेस मागू लागलं. कारण कॉन्फटेस्ट ही पायटेस्टची सामायिक तयारीची फाइल वरच्या फोल्डरात होती आणि तिच्यात डेटाबेस जोडणारी फिक्स्चर (टेस्टआधी तयारी करून देणारा कोड) 'ऑटोयूज' होती, म्हणजे कुणी मागो न मागो, प्रत्येक टेस्टला लागणारी. कॉन्फटेस्टमधल्या फिक्स्चर तिच्या फोल्डरला आणि त्याखालच्या सगळ्यांना लागू होतात. डेटाबेसच्या फिक्स्चर बागायतीच्या कॉन्फटेस्टमध्ये हलवा आणि वरची फाइल जवळजवळ रिकामी ठेवा. तुमच्या टेस्ट मंद असतील तर सगळ्यात आधी ही फाइल उघडून बघा, असंच मी सांगेन.

दुसरा अडथळा: पावतीची टेस्ट फाइल कोरडवाहूतही आली आणि बागायतीतही, दोन्हींचं नाव एकच. पायटेस्टने 'इम्पोर्ट फाइल मिसमॅच' म्हणून कामच थांबवलं. फोल्डरात इनिटची फाइल (हे फोल्डर पायथनचं पॅकेज आहे असं सांगणारी) नसेल, तर नेहमीच्या पद्धतीत पायटेस्टला टेस्ट फाइलची नावं वेगवेगळी लागतात. एक तर प्रत्येक फोल्डरात इनिटची रिकामी फाइल ठेवा, किंवा इम्पोर्ट मोड बदलून 'इम्पोर्टलिब' करा. आम्ही दुसरं केलं. एवढं करूनही चूक दिसली तर जुनी पायकॅश फोल्डर (पायथन तयार केलेला कोड साठवतं ती) पुसा, त्यांच्यातला शिळा माल कधीकधी आडवा येतो.

तिसरा अडथळा सगळ्यात फसवा. फोल्डरसोबत आम्ही टेस्टवर मार्करही, म्हणजे खुणेच्या चिठ्ठ्या, लावले होते, म्हणजे 'फक्त बागायती चालव' असं सांगता यावं. एका फाइलमध्ये मार्करचं स्पेलिंग चुकलं. पायटेस्ट अनोळखी मार्करला नुसता इशारा देतं, थांबत नाही. परिणामी त्या फाइलमधल्या टेस्ट बागायतीच्या फेरीत कधी चालल्याच नाहीत. स्ट्रिक्ट मार्कर्स हा पर्याय सेटिंगमध्ये कायमचा चालू ठेवा, मग चुकलेलं स्पेलिंग तिथल्या तिथे फेल होतं. याला जोडून आणखी एक: निवडीत एकही टेस्ट आली नाही तर पायटेस्ट ० नाही, ५ हा एक्झिट कोड (काम संपल्यावर परत दिलेला आकडा, ० म्हणजे सगळं ठीक) देतं, म्हणजे सर्व्हरने ती फेरी लाल दाखवायला हवी. आमच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी 'चूक आली तरी पुढे जा' असं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे शून्य टेस्ट चालूनही फेरी हिरवी दिसायची. तुमच्या स्क्रिप्टच्या शेवटी असं काही शेपूट आहे का, ते आजच बघा.

हातानं मार्कर लावायचा कंटाळा म्हणून आम्ही फोल्डरवरून आपोआप मार्कर लावणारा हुक (पायटेस्ट ठरलेल्या टप्प्यावर स्वतः चालवतं तो कोड) लिहिला, आणि तो बागायतीच्या कॉन्फटेस्टमध्ये ठेवला. वाटलं, तेवढ्यापुरताच लागेल. पण टेस्ट गोळा झाल्यावर चालणारा हा हुक कुठेही लिहिला तरी त्याच्या हातात त्या फेरीतल्या सगळ्याच टेस्ट येतात. परिणाम असा की सगळ्या टेस्ट बागायती झाल्या. हुक वरच्या फोल्डरात ठेवा आणि प्रत्येक टेस्टचा पत्ता तपासून मगच मार्कर लावा.

यापुढे प्रश्न राखणीचा. आज वाटणी केली, तरी दोन महिन्यांनी कुणीतरी घाईत कोरडवाहूत डेटाबेसची टेस्ट घालणारच. पायटेस्ट-सॉकेट हे प्लगइन पायथनमधून नेटवर्क उघडू देत नाही, एसएमएसवाल्या टेस्ट त्याने लगेच पकडल्या. पण पोस्टग्रेसची जोडणी त्याच्या हातून निसटली, कारण पोस्टग्रेसशी बोलणारी सायकोपीजी ही लायब्ररी पायथनचं सॉकेट (नेटवर्क जोडणीचं साधन) वापरत नाही, खालच्या सी भाषेतल्या लायब्ररीतून बोलते. तिला अडवायचा साधा उपाय: सर्व्हरवर कोरडवाहूची फेरी जिथे चालते तिथे पोस्टग्रेस सुरूच करायचं नाही आणि डेटाबेसचा पत्ताही द्यायचा नाही. ज्या शेतात विहीर नाही तिथे ऊस लावला की लगेच कळतं.

बागायतीबद्दल दोनच गोष्टी. वेग मिळतो म्हणून आम्ही पूर्वी या टेस्ट एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर चालवायचो. ते सोडून द्या. एसक्यूलाइट मजकुराच्या रकान्याची लांबी पाळत नाही आणि फॉरेन की (एका टेबलाचा दुसऱ्याशी दुवा) सांगितल्याशिवाय तपासत नाही. लांबलचक गावाचं नाव तिथे बिनबोभाट मावलं आणि दुकानात पोस्टग्रेसने नाकारलं. दुसरं, प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करा (सगळे बदल मागे घ्या), म्हणजे मागे काही उरत नाही. एक्सडिस्ट या प्लगइनने समांतर चालवत असाल तर प्रत्येक वर्करला (टेस्ट चालवणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला) वेगळा डेटाबेस द्या. सेशनची फिक्स्चर सगळ्या टेस्ट मिळून एकदा नाही, दर वर्करला एकदा चालते, हे विसरलं की दोन वर्कर एकमेकांची टेबलं पुसतात.

पूर्ण फेरीच्या टेस्ट आधी सत्तरएक होत्या, आता नऊ आहेत. माइक कोन यांचा टेस्टचा पिरॅमिड सगळ्यांनी चित्रात पाहिलेला असतो, खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे लहान टेस्ट पुष्कळ आणि मोठ्या थोड्या. पण कमी करायच्या म्हणून आम्ही एकही टेस्ट कापली नाही. प्रत्येक टेस्टला विचारलं, तू पकडतेस ती चूक खालच्या फोल्डरात पकडता येईल का? बहुतेकींचं उत्तर हो आलं, त्या खाली गेल्या. ज्या नऊ उरल्या त्यांपैकी प्रत्येक पडली तर दुकान बंद पडेल अशी आहे.

आता कोरडवाहू प्रत्येक पुशच्या आधी लॅपटॉपवर चालतात, अर्ध्या मिनिटाच्या आत. बागायती पुश झाल्यावर सर्व्हरवर, पूर्ण फेरी रात्री. कोरडवाहू लाल म्हणजे कोड चुकला, त्यात चर्चा नाही. बागायती लाल आणि कोरडवाहू हिरवी, तर आधी स्कीमा (डेटाबेसची रचना) आणि मायग्रेशन (त्या रचनेतले बदल) बघायचं. निदानाला अर्धा दिवस जायचा तो आता जात नाही. एखादी टेस्ट तरीही डळमळली तर ती बाजूला काढतो, तिच्यावर नाव आणि तारीख लिहितो, आठवड्यात दुरुस्त नाहीतर पुसून टाकायची. एकही टेस्ट अजून पुसावी लागली नाही, तारखेच्या धाकाने दुरुस्त होतात.

राहिल्या काट्यावरच्या. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलवरून सतत वजन पाठवत असतो, आणि गाडी चढताना आकडे हलत राहतात. स्थिर झालेलं वजन कोणतं, हे ओळखणं हा त्यातला नाजूक भाग. त्यासाठी आम्ही मोंढ्यातल्या एका ओळखीच्या काट्यावर अख्खी सकाळ बसून ते आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये साठवून आणले: रिकामी गाडी, भरलेली गाडी, मध्येच उतरलेला हमाल, ढिली केबल. ओळखण्याचा कोड त्या फाइलींवर तपासला जातो, आणि फाइल मेमरीत आधीच वाचून दिली की ही टेस्टही कोरडवाहूत बसते. खऱ्या काट्यावरची टेस्ट एकच उरली, केबलमधून पहिला आकडा येतो का एवढंच पाहणारी. ती सर्व्हरवर चालत नाही आणि चालवायचा प्रयत्नही करू नका. नव्या दुकानात सॉफ्टवेअर बसवायला जातो, तेव्हा सौदा सुरू व्हायच्या आधी, काटा रिकामा असताना, लॅपटॉप जोडून आम्ही ती हाताने चालवतो आणि निकाल त्या दुकानाच्या वहीत लिहून ठेवतो.